‘शरीराने सांधा नाकारला’ म्हणजे काय?

प्रतिकारशक्तीचा पाठ शिकवताना आपण हमखास सैन्याची उपमा देतो : पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि बाहेरून आलेले ते सारे शत्रू. जंतूंपुरते हे ठीक आहे. पण कृत्रिम सांधा निकामी झाल्यावर ‘शरीराने तो नाकारला’ असे म्हटले, की विज्ञान चुकते आणि दोषही भलत्याच्या माथी बसतो.

दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले, तर त्याच्या पेशींवरील परकी प्रथिने आपल्या टी-पेशी ओळखतात. म्हणूनच प्रतिकार दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. धातूच्या सांध्यावर अशी प्रथिने नसतात. त्यावर रुग्णाच्याच रक्तातील प्रथिने चिकटतात, मग भक्षक पेशी जमतात. एवढी मोठी वस्तू गिळता येत नाही, तेव्हा काही पेशी एकमेकींत मिसळून महाकाय पेशी बनतात. बहुधा वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार होते. हाडातील टायटॅनियमला तर हाड थेट धरून वाढते. हा एक प्रकारचा समझोताच.

तो अनेकदा घर्षणाने मोडतो. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी आठवा. चाक आसावर घासले की लाकूड झिजते. कृत्रिम खुब्यातही गोळा वाटीत फिरताना सूक्ष्म कण सुटतात. भक्षक पेशी हे कण गिळते, पण पचवू शकत नाही. मग ती दाह वाढवणारी रसायने सोडत राहते, भोवतालचे हाड झिजते आणि सांधा सैल होतो. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या अशाच झिजल्या, म्हणून १९६२ मध्ये ते पॉलिएथिलीनकडे वळले.

डेप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ खुब्यात गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमचे होते. त्यांच्या झिजेतून धातूचे कण ऊतींत आणि आयन रक्तात गेले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हे खुबे परत मागवले, तोवर जगभर सुमारे ९३,००० बसवले गेले होते. ब्रिटनमधील नोंदींनुसार पाच वर्षांत साधारण आठांपैकी एका रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पोलिसांत तक्रार नोंदवली.

काहींना धातूची ॲलर्जी असते, हे खरे. पण इथे पेशींनी आपले नेहमीचेच काम केले. फसली ती रचना. म्हणून वर्गात ‘शरीराने का नाकारले?’ याऐवजी ‘काय, कशावर घासले आणि किती झिजले?’ असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर सांधा बनवणाऱ्याला द्यावे लागते, रुग्णाला नाही.