शिक्षा आणि त्याग यांच्या मधलं भामरागड

मराठी वाचकाला भामरागड दोनच प्रकारे माहीत असतं. एक म्हणजे जिथे बदली झाली की ऑफिसातले लोक सुतकी चेहऱ्याने भेटायला येतात ते गाव. दुसरं म्हणजे जिथे डॉ. प्रकाश आमटे गेले ते जंगल. म्हणजे एकतर शिक्षा, नाहीतर त्याग. पण ते एक तालुक्याचं गावही आहे. तिथे माणसं सकाळी कामाला जातात, पगाराची तारीख मोजतात, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतात. ही तिसरी गोष्ट आपल्या वाचनात जवळजवळ येतच नाही. आमटेंचं ‘प्रकाशवाटा’ हल्ली पुन्हा वाचलं, तेव्हा माझं लक्ष या तिसऱ्या गोष्टीकडेच जात राहिलं.

समकालीन प्रकाशनाचं हे पुस्तक तुम्ही वाचलं नसेल, तरी कुणाला तरी भेट दिलेलं नक्की पाहिलं असेल. आमच्या ऑफिसात ते निरोपसमारंभात दिलं जातं. वाचणारा दोन दिवस गप्प असतो आणि मग म्हणतो, “काय त्याग आहे यार! आपल्याला नाही जमणार.” तिसऱ्या दिवशी तो स्टँडअपला हजर असतो आणि विषय संपतो. मला ही प्रतिक्रिया फार सोयीची वाटते. लेखकाला एकदा संत केलं की वाचक मोकळा. देवळात जायचं, हात जोडायचे, बाहेर येऊन चप्पल घालायची.

गंमत अशी, की पुस्तकाचा सूर असा मुळीच नाही. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा प्रकाश आमटे पंचविशीच्या उंबरठ्यावर होते आणि बाबा आमटे साठीला टेकलेले. साठीचा माणूस नवं काम काढतोय आणि पंचविशीचा मुलगा ते अंगावर घेतोय. दोघांच्याही वयाला आपल्याकडे वेगळी कामं ठरवून दिलेली असतात. साठीला पेन्शनचे कागद, पंचविशीला पहिला जॉब स्विच. पुस्तक यावर भाषण देत नाही. कुठे राहिलो, पेशंट का येत नव्हते, मग कसे येऊ लागले, हे सरळ सांगत जातं. भावनेचा उमाळा आला असता अशा जागी बऱ्याचदा एखादं कोरडं वाक्य येतं. मला या पुस्तकाची सगळ्यात मोठी ताकद हीच वाटते. ते एखाद्या लॉगसारखं वाचता येतं: अडचण काय होती, काय करून पाहिलं, काय चाललं.

माडिया भाषा येत नव्हती, म्हणून आधी भाषा शिकले. जे कॉलेजात शिकवलं नव्हतं ते पुस्तकं उघडून, करत करत शिकले. समोरच्याची भाषा शिकल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे. आमच्याकडे याला रिक्वायरमेंट समजून घेणं म्हणतात आणि ते आम्ही अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये उरकतो.

छंदाचंही तसंच. शिकारीत आई मेलेलं माकडाचं पिल्लू घरी आणलं आणि तिथून प्राण्यांचा गोतावळा वाढत गेला. आमटेंनी ‘रानमित्र’मध्ये त्यावर स्वतंत्रपणे लिहिलं आहे. विलास मनोहरांचं ‘नेगल’ही त्याच अंगणातलं. ही पुस्तकं वाचताना आपल्या पिढीच्या छंदांची थोडी लाज वाटते. आपण आधी कॅमेरा घेतो, मग त्याचे हप्ते फेडतो, मग त्यातून साइड इन्कम कसा निघेल याचे व्हिडिओ बघतो. हेमलकशात काम कुठे संपलं आणि आवड कुठे सुरू झाली, याची रेघ कुणी ओढलेलीच दिसत नाही. पण याचं थेट अनुकरण करायला सांगणाऱ्यांपासून सावध राहा. ‘काम हीच आवड’ हे वाक्य मालकाने म्हटलं की त्याचा अर्थ शनिवारीही या, असा होतो. आमटेंना शनिवारी कुणी बोलावत नव्हतं.

आता मला जे खटकतं ते. पैशाचा हिशेब या पुस्तकात मला हवा तेवढा सापडत नाही. मला रकमा नको आहेत, रचना हवी आहे. आनंदवनासारखी उभी संस्था पाठीशी होती. १९७५ मध्ये स्विसएडच्या मदतीने लहानसा दवाखाना उभा राहिला. या गोष्टी सांगितल्याने कुणाचं काम कमी होत नाही. पण त्या मागच्या रांगेत गेल्या की निर्णय चमत्कारासारखा दिसू लागतो, आणि चमत्कार कुणाला शिकता येत नाही. घराचे हप्ते, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, बहिणीची फी डोक्यावर असलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस हे पुस्तक वाचतो, तेव्हा त्याला खरं तर हे विचारायचं असतं: पाया काय होता? कुठल्या महिन्यात भीती वाटली? प्रेरणा त्याला रोज सकाळी फोनवर मिळतेच.

दुसरी खटकणारी गोष्ट पुस्तकापेक्षा त्याच्या वाचनाची आहे. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोघांना मिळाला. मंदाताई स्वतः डॉक्टर, भूलशास्त्र शिकलेल्या. सहा वर्षांनी, २०१४ मध्ये, समृद्धी पोरे यांचा सिनेमा आला. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी तो मनापासून केला आहे. पण नाव काय? ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’. हीरो एकच. पुरस्काराने दोघांना मोजलं, पोस्टरने एकाला. त्यागाची गोष्ट सांगायची म्हटलं की तिला एक नायक लागतो आणि बाकीचे आपोआप सहकलाकार होतात. कामाची गोष्ट सांगितली असती तर दवाखान्यातल्या दोन डॉक्टरांची सांगावी लागली असती.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या माडिया माणसांचा पैशाशी संबंध काय? त्यासाठी विलास मनोहरांचीच ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी सोबत वाचायला हवी. इथे जंगल एका माडिया तरुणाच्या नजरेतून दिसतं आणि ठेकेदार, सरकारी माणूस, पोलीस हे सगळे त्याच्या कमाईच्या मधे उभे असतात. आमच्या भागात उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा, आणि त्या पुड्यांवर घरात येणारी वर्षातली मोठी रोकड. माझा पगार दर महिन्याला येतो म्हणून मी वर्षाचे बारा भाग करतो. ज्याचा पैसा वर्षातून काही दिवसच येतो, त्याचं वर्ष वेगळं असतं, लग्नं आणि उधारी वेगळी असते. आता वनहक्क आणि पेसा कायद्यांमुळे बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. या बदलावर एक चांगलं मराठी पुस्तक मला वाचायचं आहे.

हे सगळं मी एवढं धरून का बसलोय, तेही सांगतो. माझे बाबा भामरागड तालुक्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. बारा वर्षं. पगारात ‘एकस्तर’ मिळायचा, म्हणजे अशा भागात काम केल्याबद्दल वरच्या पदाची वेतनश्रेणी. त्या पैशातून त्यांनी काकाचं कर्ज फेडलं. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी आलं की अडकायचे, पाणी उतरलं की शाळेत जायचे. मी सातवीत गेलो तेव्हा माझ्या शिक्षणासाठी बदली मागून चंद्रपूरला आले. आमटेंनी स्वतःच्या मुलांना प्रकल्पाच्याच शाळेत माडिया मुलांबरोबर शिकवलं. बाबांनी तसं केलं नाही, आणि म्हणून मी आज इंजिनिअर आहे.

त्यागाच्या तराजूत बाबांचं वजन काहीच भरत नाही. त्यांनी बारा वर्षं पोरांना वाचायला शिकवलं, पगार घेतला आणि वेळ आल्यावर निघाले. पण कामाच्या तराजूत टाकलं तर ती बारा वर्षं भरतात. प्रकाशवाटा मला आवडतं ते या कारणासाठी, की नीट वाचलं तर त्याच्या हातातही दुसराच तराजू आहे. पहिला आपण वाचकांनी आणून ठेवला.

तेव्हा हे पुस्तक जरूर वाचा, पण ‘मला हे सगळं सोडता येईल का’ असं विचारत वाचू नका. पंचविशीतल्या माणसाने न येणारं काम शिकायला कशी सुरुवात केली आणि कंटाळा, भीती, पाऊस धरून तो तिथे कसा टिकला, ते बघा. टिकणं हा भाग आपल्यालाही लागतो, मग गाव कुठलंही असो.

मागच्या दिवाळीत बाबांनी माझी प्रत दोन बैठकीत वाचून काढली. मी विचारलं, कसं वाटलं? चष्मा पुसत म्हणाले, “दवाखाना चांगला आहे तो. तुला ताप चढला होता तेव्हा तिथंच नेलं होतं.”