लेखकाला काय विचारावे?

दिवाळी अंक हाती आला की घरातली मंडळी आपापले पान शोधतात. कोणी आधी राशिभविष्य उघडते, कोणी व्यंगचित्रे. मी लेखकाची मुलाखत शोधतो. ही गोडी मला जयवंत दळवींच्या ‘साहित्यिक गप्पा : दहा साहित्यिकांशी’ ह्या पुस्तकाने लावली. दळवी स्वतः कथा-कादंबऱ्या लिहिणारे. सुतार दुसऱ्या सुताराच्या घरी गेला तर आधी त्याची हत्यारे न्याहाळतो, तशी त्यांची नजर. पॅरिस रिव्ह्यू नावाच्या त्रैमासिकाने १९५३ साली पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत छापली आणि लेखकाला त्याच्या कामाविषयी बोलते करण्याची एक रीतच पाडून दिली. ‘तुम्ही हे लिहिले कसे?’ हा त्या रीतीचा गाभा.

परंतु पुष्कळ वर्षे मुलाखती वाचल्यावर एक गोष्ट मला खुपू लागली आहे. शहरातल्या, सुस्थितीतल्या लेखकाला आपण विचारतो, ‘तुम्ही लिहिता कसे?’ आणि गावकुसाजवळच्या किंवा गावकुसाबाहेरच्या लेखकाला विचारतो, ‘तुम्ही जगलात कसे?’ पहिल्याची कला पाहायची, दुसऱ्याची जखम. दुसऱ्यालाही कला असते हे आपण नाकारीत नाही. फक्त विचारायला विसरतो.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यातल्या दारिद्र्याविषयी आणि जातीच्या जाचाविषयी जितके बोलले गेले, त्याच्या एक आणाही त्याच्या बांधणीविषयी बोलले गेले नाही. ह्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, पण जो जगला तो आणि जो लिहितो तो, अशी दोन माणसे समोरासमोर बसविली आहेत. म्हणजे सबंध आत्मकथनच एक मुलाखत झाली! ही युक्ती सुचली कशी, तिच्यामुळे काय सांगता आले, काय झाकता आले, हे प्रश्न कोणत्याही कादंबरीकाराला आपण हटकून विचारले असते.

ही खोड आपलीच नव्हे, हे सांगून थोडा धीर देतो. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतून आलेल्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकांचे, ज्यांना तिकडे लॅटिनो म्हणतात त्यांचे, दुखणे ह्याच जातीचे आहे. सँड्रा सिस्नेरोसचे ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे १९८४ चे पुस्तक पानदोनपानी तुकड्यांचे आहे. ते तुकडे इतकेच लांब का, हा खरा प्रश्न. पण वाचणाऱ्याचा हात आधी वस्तीच्या गरिबीकडे जातो. २००८ साली पुलित्झर मिळविणारा जुनो दियास स्पॅनिश शब्द तिरप्या टाइपात घालीत नाही की शेवटी शब्दार्थांची यादी जोडीत नाही. ज्या घरात दोन भाषा एका ताटात जेवतात, तिथे एकीला वेगळा पाट कशाला? आपल्याकडे कित्येक ग्रामीण आणि दलित पुस्तकांच्या शेवटी शब्दार्थ असतात. ते कोणासाठी असतात, हे उघड आहे. ते लेखकाने मागितले होते की प्रकाशकाने, हे मात्र मी कोणत्याही मुलाखतीत वाचलेले नाही.

आता घराजवळ येतो. शिरूर तालुक्यात कवठे येमाई नावाचे गाव आहे. तिथले बी. के. मोमीन कवठेकर मुसलमान घरातले. त्यांनी तमाशाच्या फडांसाठी गाणी आणि वगनाट्ये लिहिली; विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ साली ते गेले. मी त्या रस्त्याने किती वेळा गेलो असेन! यात्रेतली गाणी ऐकली, शिट्ट्यांच्या गर्दीत बसलो, पण उतरून त्या लेखकाचे दार कधी वाजविले नाही. लेखकाशी गप्पा मारायच्या तर पुण्याला जायचे, अशी माझीच समजूत होती. दुसऱ्यांना दोष देण्याआधी हा माझा मी टिपून ठेवतो.

ही चुटपुट लागली म्हणून त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका वृद्ध वगलेखकाकडे गेलो. नाव छापू नका म्हणाले. आपण त्यांना तात्या म्हणू. खाटेवर बसता बसता त्यांनी सुरुवात केली, ‘लहानपणी बाप गेला, दुष्काळ पडला...’ कहाणी खरी होती, पण पाठ होती. येणारा प्रत्येक जण तीच मागतो, म्हणून तीच तयार. मी मध्येच विचारले, ‘तात्या, वग लिहायला बसलात की आधी काय लिहिता?’

ते थांबले. मग हसले. ‘गुरुजी, हे नव्हतं इचारलं कुणी.’

त्यापुढे दोन तास कसे गेले ते कळले नाही. आधी गाणे, तेही गाणारणीचा दम बघून. जिचा श्वास आखूड तिला ओळ आखूड. गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम ठरलेला. पण बतावणी किती लांबवायची, हे विनोदावर नव्हे तर पडद्यामागे नऊवारी नेसून व्हायला किती वेळ लागतो त्यावर. संवाद सगळे लिहायचे नाहीत. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पक्के. मधले सोंगाड्याचे रान. मात्र शेवटचे वाक्य त्याने तसेच टाकायला हवे, नाहीतर पुढचा नट विंगेत उभाच राहतो. एका हिशेबाच्या वहीत त्यांनी मला हे दाखविले. दोन ओळी, मध्ये बोटभर कोरी जागा, पुन्हा दोन ओळी. ती कोरी जागा हेही लेखनच, हे मला त्या वहीने शिकविले. नाट्यशास्त्रावर ग्रंथ मीही थोडे चाळले आहेत.

पूर्वी वग पहाटेपर्यंत चाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम आल्यावर तात्यांना जुने वग कापावे लागले. मी विचारले, ‘काय काढलंत?’

‘राजा काढला,’ ते म्हणाले. ‘राजा गेला तर चालतं. शिपाई गेला तर पब्लिक उठतं.’

संपादनावरचे इतके नेमके वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलेले नाही.

परतताना चौफुल्यावरून दौंडकडे वळलो, तेव्हा केडगाव आठवले. दौंड तालुक्यातले हे गाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे ठाऊक आहे. रमाबाईंविषयी आपण धर्मांतराचा प्रश्न विचारतो, विधवांचा, दुष्काळातल्या मुलींचा. सगळे प्रश्न रास्त आहेत. पण ह्याच केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल मराठीत आणले, आश्रमातल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले, छपाई केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याआधी थोडेच दिवस काम हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ साली निघाला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला संस्कृतच्या जोरावर ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, तिने आयुष्याची अखेरची वर्षे साध्या बाईला कळेल असा शब्द शोधण्यात आणि संस्कृत शब्द गाळण्यात घालविली. जुन्या भाषांतरातल्या त्या शब्दांना हिंदू धर्मकल्पना चिकटलेल्या आहेत, अशी त्यांची हरकत होती. आता ही हरकत सर्वत्र टिकते असे मला वाटत नाही; शब्द धुऊन घेतला तरी त्याचा जुना वास जात नाही, आणि मराठीतून संस्कृत वेचून काढायचे म्हणजे भाकरीतून मीठ वेचण्यासारखे. कुठे कुठे त्यांचे वाक्य त्यामुळे अडखळते. तरी असे अडखळणे पत्करणारा भाषांतरकार आपण किती पाहिला? समोर बसलेल्या स्त्रीला वाचून दाखवून त्या शब्द बदलीत असतील काय? तात्यांना मी जे विचारू शकलो ते रमाबाईंना विचारायला शंभर वर्षे उशीर झाला आहे.

तात्यांकडे अशा अकरा वह्या आहेत. दोन उंदरांनी कुरतडल्या, एकीवर नातवाने गणिते सोडविली आहेत. कोऱ्या जागांत सोंगाड्या काय बोलत असे, ते आता फक्त त्यांच्या आठवणीत उरले आहे. मी उतरून घेऊ का, म्हणून विचारले. पाडवा झाल्यावर या, म्हणाले. आणि येताना शिसपेन्सिल आणा, शाईने नको, कारण ‘एकदा आठवलं ते दुसऱ्यांदा आनिक बरं आठवतं.’