मालाकारांचा राजीनामा

लेखनासाठीं नोकरी सोडावी काय, असें होतकरू लेखकानें विचारतांच विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा दाखला हटकून दिला जातो. परंतु तो दिसतो तितका सरळ नाहीं. ‘निबंधमाला’ निघाली १८७४ सालीं. शास्त्रीबोवांनीं सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली १८७९ सालीं. म्हणजे मालेचा बहुतेक भाग पगार घेत असतांनाच लिहिला गेला. पुढें आयुष्य उरलें अवघें तीन वर्षांचें, आणि तेंही शाळा, छापखाना व वृत्तपत्रें यांत वांटलें गेलें. तथापि ‘आमच्या देशाची स्थिति’ हा मालेंतील अखेरचा निबंध राजीनाम्यानंतरचा आहे. सरकारनें १९१० सालीं बंदी घातली ती त्यावरच! राजीनाम्यानें त्यांस वेळ मिळाला नाहीं. लेखणीवरील दाब मात्र गेला, असें आम्हांस वाटतें. ज्याच्या लेखणीस असा दाब जाणवत नाहीं, त्यानें खुशाल नोकरींत राहून लिहावें.