वगळलेले गाणे

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ‘आर. ई. एम.’ या अमेरिकन मंडळींची ‘इन टाइम’ नावाची तबकडी आणून दिली. मी मॅट्रिक झालेला मास्तर; रॉक संगीतातले मला काय कळणार? पण वेचे निवडण्याची उठाठेव मला ठाऊक आहे, आणि २००३ सालची ही तबकडी म्हणजे वेचेच आहेत : १९८८ पासूनची अठरा गाणी.

जॉर्जियातल्या अथेन्स गावी १९८० साली ही चौकडी जमली. ‘लूझिंग माय रिलिजन’मधले पीटर बकचे मॅन्डोलिन पहिल्याच ऐकण्यात मनात घर करते. (नावाने दचकू नये, तिकडच्या दक्षिणेत त्याचा अर्थ धीर सुटणे, एवढाच.) गाणी सालवार लावलेली नाहीत. ड्रम वाजवणारा बिल बेरी १९९७ मध्ये सोडून गेला; येथे तो जातो, परत येतो, पुन्हा जातो. मला हे फार आवडले. घर सोडून गेलेली माणसे आठवणीत अशीच ये-जा करतात.

खटकले ते निराळेच. ‘शायनी हॅपी पीपल’ हे १९९१ चे गाजलेले, हसरे गाणे येथे नाही. कलावंताला स्वतःच्या हसण्याची लाज का वाटावी? २०११ साली मंडळी विखुरल्यावर निघालेल्या मोठ्या संग्रहात ते परत आले, तेव्हा बरे वाटले.

पण बोलणारा मी तरी कोण! माझी पहिली विनोदी कादंबरी मीही यादीतून गाळतो. आणि वाचनालयात पोरे नेमकी तीच मागतात.