कथानक व पात्र यांचे अध्यापन आणि ‘द रिलक्टंट ड्रॅगन’

पदवीच्या वर्गात कथा शिकविताना कथानक आणि पात्रचित्रण हे घटक बहुधा स्वतंत्रपणे हाताळले जातात. परीक्षेतही त्यांवर वेगळे प्रश्न येतात. परिणामी विद्यार्थी एका उत्तरात गोष्ट सांगतो व दुसऱ्या उत्तरात स्वभावगुणांची यादी देतो. विशिष्ट घटना विशिष्ट स्वभावामुळेच घडली, हा दुवा मात्र दोन्ही उत्तरांतून निसटतो. तो दाखवून देण्यासाठी केनेथ ग्रॅहम यांच्या ‘ड्रीम डेज’ (१८९८) या संग्रहातील ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ ही विनोदी परीकथा अनेक गंभीर कथांपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

या कथेतील विनोद रूढ सांगाड्याच्या परिचयावर अवलंबून आहे. सेंट जॉर्जच्या मध्ययुगीन आख्यायिकेत ड्रॅगनला आधी मेंढ्या व नंतर चिठ्ठ्या टाकून माणसे दिली जातात. राजकन्येची पाळी येते आणि वीर अवतरतो. मराठी विद्यार्थ्याला ही आख्यायिका अपरिचित असली तरी एकचक्रा नगरीतील बकासुराची कथा, त्यातील गाडाभर अन्न, घराघरांवर येणारी पाळी आणि भीमाचे आगमन यांसह, लहानपणापासून ठाऊक असते. अध्यापनाचा आरंभ तेथून करणे इष्ट होय.

ग्रॅहम यांचा ड्रॅगन मात्र लढण्यासच नकार देतो. तो आळशी, गप्पिष्ट व काव्याचा षौकी आहे. त्याचे कुणाशी वैर नाही. येथेच कथानक अडते. संघर्षाचा एक पक्ष आपली भूमिका स्वीकारीत नाही म्हणून पुढची घटना घडू शकत नाही, आणि पात्र हे कथानकाचे इंधन असते हे विद्यार्थ्याला व्याख्येवाचून कळते. संघर्षाची मागणी खरी गावकऱ्यांची आहे. ड्रॅगनने न केलेल्या अत्याचारांच्या कहाण्या ते सेंट जॉर्जला ऐकवितात आणि झुंजीवर पैजाही लावतात. (वाचकवर्गही पुष्कळदा याच गावकऱ्यांत मोडतो.) अखेर मेंढपाळाचा मुलगा दोघांची भेट घडवितो व लुटुपुटूची लढाई ठरते, भाला कोठे टोचायचा तेही आधीच निश्चित होते. पात्रेच एकत्र बसून कथानक रचतात, असे दृश्य वर्गासाठी दुर्मीळ होय.

पात्रचित्रणाविषयी मात्र सावधगिरी हवी. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडलेला सपाट व गोलाकार पात्रांचा भेद येथे लावताना विद्यार्थी ड्रॅगनला तत्काळ ‘गोलाकार’ ठरवितो, कारण तो आश्चर्यचकित करतो. परंतु हे आश्चर्य परंपरेच्या तुलनेतले आहे. कथेच्या आत तो प्रारंभापासून मेजवानीपर्यंत तोच सुखलोलुप, किंचित आत्मप्रौढ जीव राहतो. सपाट पात्रे विनोदी असताना सर्वाधिक खुलतात, हे फॉर्स्टर यांचे निरीक्षण त्याला तंतोतंत लागू पडते. मत बदलणारे पात्र सेंट जॉर्ज हे आहे. गावकऱ्यांवर विश्वास ठेवून आलेला हा वीर मुलाचे ऐकतो, प्रतिपक्षाला भेटतो आणि आपला हेतू सोडून देतो. शीर्षक ड्रॅगनला दिले गेल्याने हे परिवर्तन समीक्षेत झाकले जाण्याचा धोका आहे.

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांच्या आधारे सात भूमिकाक्षेत्रे सांगितली. त्यांपैकी एक राजकन्येचे (व तिच्या पित्याचे). ग्रॅहम यांच्या कथेत ही जागा रिकामी आहे. लढाईचा बेत ठरत असताना सेंट जॉर्जला खडकाला जखडलेली राजकन्या हवीशी वाटते. पण मुलाला झोप अनावर झालेली असते, आई घरी वाट पाहत असते आणि एवढ्या रात्री राजकन्येची व्यवस्था करणे त्याला शक्य नसते. प्रॉप यांच्या वर्गीकरणावरील तासभराच्या व्याख्यानापेक्षा हा एक प्रसंग अधिक बोलका आहे. त्यावर स्वाध्याय देता येतो : राजकन्या मिळाली असती तर ती या लटक्या लढाईत सामील झाली असती काय, आणि नसती तर कथेचा शेवट कोणाच्या स्वभावाने ठरला असता?