'ऐच्छिक' म्हणजे नक्की कोणासाठी?

एडमंटनमध्ये एक हिवाळा काढला असेल, तर हे दृश्य तुम्हाला माहीत आहे: पार्किंगमध्ये उभ्या गाड्या आणि प्रत्येकीच्या तोंडातून लोंबणारी प्लगची वायर. ती ब्लॉक हीटरची. इतर ठिकाणी हा हीटर 'ऑप्शनल' असतो. उणे ३० अंशांत सकाळी गाडी सुरू करायची वेळ आली, की मग कळतं की हा शब्द लिहिणारा माणूस इथे राहत नव्हता.

ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेल्या ज्या लायब्रऱ्या 'ऐच्छिक' म्हणून नोंदवल्या जातात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. उदाहरण एडमंटनच्या जवळचंच घेऊया: ओपनस्पील. डीपमाइंडच्या मार्क लँक्टो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये खुला केलेला हा प्रोजेक्ट. बुद्धिबळापासून पोकरपर्यंतचे खेळ आणि ते शिकणारे अल्गोरिदम यात एकत्र मिळतात. खेळांवर संशोधन करणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांची सुरुवात इथून होते.

आधी कौतुक. बाहेरच्या लायब्रऱ्यांचं काय करायचं याचा विचार ओपनस्पीलच्या डेव्हलपर मार्गदर्शिकेत नीट मांडलेला आहे. प्रत्येक ऐच्छिक लायब्ररीला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. तेच इन्स्टॉल स्क्रिप्ट वाचते, तेच सीमेक वाचतं, म्हणजे निर्णय एकाच जागी होतो. डिफॉल्ट हलकं ठेवायचं, म्हणजे इन्स्टॉल आणि कंपाइल लवकर होईल. वापरणाऱ्याने आधीच काही ठरवलं असेल, तर त्यावर पाणी फिरवायचं नाही. इतका विचार फार थोडे प्रोजेक्ट करतात.

आता त्या यादीत काय काय आहे ते बघा. एसीपीसी आहे: २००६ पासून भरलेल्या संगणक-पोकर स्पर्धेचा कोड, ज्यामागे अल्बर्टा विद्यापीठातल्या पोकर गटाचं मोठं काम आहे. रोशॅम्बो आहे: डार्स बिलिंग्ज यांनी याच विद्यापीठातून १९९९ मध्ये भरवलेल्या दगड-कागद-कात्री प्रोग्रॅमिंग स्पर्धेतले बॉट. शिनशिन आहे: अल्बर्टाचेच प्राध्यापक नेथन स्टर्टेव्हंट यांचा हार्ट्स खेळणारा प्रोग्रॅम. शिवाय ज्युलिया आणि गो या भाषांतून ओपनस्पील वापरण्याची सोय. सगळ्यांना एकच बटण: चालू किंवा बंद.

पण ही एका जातीची माणसं नाहीत हो! ज्युलिया बंद ठेवलं तर एक दरवाजा बंद होतो, घर तेच राहतं. शिनशिन बंद ठेवलं तर खेळ राहतो, एक तगडा प्रतिस्पर्धी जातो. एसीपीसी बंद ठेवलं तर 'युनिव्हर्सल पोकर' हा अख्खा खेळच यादीतून गायब होतो. नवख्या विद्यार्थ्याला मात्र कून आणि लेडक हे छोटे पोकर दिसत राहतात, आणि त्याला वाटतं, पोकर म्हणजे एवढंच.

रोशॅम्बोचं प्रकरण तर आणखी बोलकं. २०२३ मध्ये लँक्टो आणि सहकाऱ्यांनी वारंवार खेळल्या जाणाऱ्या दगड-कागद-कात्रीवर एक बेंचमार्क मांडला. त्याचा पाया काय? त्या जुन्या स्पर्धेतले ४३ बॉट. प्रोजेक्टसाठी जे ऐच्छिक, तेच या संशोधनासाठी अनिवार्य. लायब्ररी तीच, कोड तोच, फक्त विचारणारा बदलला.

म्हणून माझं म्हणणं असं: 'ऐच्छिक' हा लायब्ररीचा गुण नाही, ते लायब्ररी आणि वापरणारा यांच्यातलं नातं आहे. त्याचं वर्गीकरण चालू-बंद या दोन खणांत मावत नाही.

इतरांनी वेगळे खण केलेले आहेत. डेबियन नात्याची ताकद विचारतं: 'डिपेंड्स' म्हणजे लागतंच, 'रेकमेंड्स' म्हणजे अपवाद सोडता सगळ्यांकडे असावं, 'सजेस्ट्स' म्हणजे असलं तर बरं. एनपीएमचा ऐच्छिक वर्ग वेगळंच विचारतो: हे इन्स्टॉल झालं नाही तर पुढे जायचं का? रस्टच्या कार्गोमध्ये ऐच्छिक लायब्ररी एखाद्या 'फीचर'च्या नावाखाली ठेवता येते, म्हणजे तुम्ही लायब्ररी नाही, क्षमता निवडता. मला ही शेवटची रीत सर्वांत प्रामाणिक वाटते. 'एसीपीसी हवं का?' हा प्रश्न नवख्याला कळतच नाही. 'खरा पोकर हवा का?' हा लगेच कळतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बटणाचा केवढा बाऊ! पण दोन विद्यार्थी, एक पुण्यात, एक एडमंटनमध्ये, दोघंही पेपरमध्ये 'ओपनस्पील वापरलं' असं लिहितात, आणि दोघांच्या मशीनवर खेळांची यादी वेगळी असते. जे बांधलंच नाही त्याच्या चाचण्याही चालत नाहीत, त्यामुळे दोघांकडे सगळं हिरवंगार. निकाल जुळले नाहीत तर दोष कशाला द्यायचा? अल्गोरिदमला, की न दाबलेल्या बटणाला?

तेव्हा तुमचा पुढचा रीडमी लिहाल तेव्हा प्रत्येक ऐच्छिक लायब्ररीपुढे तीन ओळी लिहा: ही नसेल तर काय जातं, गेलेलं कळतं कसं, आणि हिची चाचणी कोण चालवतं. पेपर लिहाल तेव्हा व्हर्जनसोबत कोणती बटणं चालू होती तेही लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या मागून येणाऱ्याची गाडी त्यामुळे थंडीत सुरू होईल.