मोडीचे वळण आणि हाताचा क्रम

मोडी शिकवणारी पुस्तके अजून निघतात, ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. परंतु यांतील पुष्कळ पुस्तके चाळताना एकच उणीव पुनःपुन्हा जाणवते. डाव्या हातास बाळबोध अक्षर आणि उजव्या हातास मोडी अक्षर, असा तक्ता देऊन लेखक मोकळे होतात. लेखणी कोठे टेकावी, कोणीकडे वळवावी आणि कोठे उचलावी, यासंबंधी चकार शब्द नसतो.

चिनी लिपी शिकणाऱ्या मुलास अक्षराचे रूप आणि रेघांचा क्रम ही दोन्ही एकदमच शिकवतात. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हा सर्वसाधारण नियम. अधिकाच्या चिन्हासारखे दिसणारे ‘दहा’चे अक्षर लिहिताना आधी आडवी रेघ, मग उभी. बंद चौकटीचे अक्षर असेल, तर आतला ऐवज आधी भरावयाचा आणि तळची रेघ शेवटी ओढून दार लावावयाचे. अक्षर शेवटी सारखेच दिसले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. आणि ठसठशीत, सुट्या अक्षरापुरते ते एखाद्यास पटेलही. परंतु तेथील ‘तृणलिपी’ नावाच्या धावत्या लेखनात अनेक रेघा एकमेकींत विरून जातात. हात कोणत्या वाटेने गेला असेल हे ज्यास ठाऊक नाही, त्यास ते लेखन उलगडणे फार कठीण जाते.

मोडीचेही नेमके हेच आहे. बाळबोधात अक्षर आधी आणि शिरोरेघ मागाहून. मोडीत कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ आधी ओढतात आणि अक्षरे तिला लोंबत जातात. बाळबोधातील दंड वरून खाली येतो. मोडीत हात बहुधा खाली वळसा घेऊन पुन्हा रेघेकडे चढतो, म्हणजे बोरू न उचलता पुढचे अक्षर धरता येते. काना किंवा वेलांटी लागली की अक्षराचे अंगच पालटते. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल नाही. हे सारे तक्त्यात मावावे कसे? (हस्ताक्षरालाही आपण ‘वळण’ म्हणतो आणि मुलाच्या शिस्तीलाही, कित्ता गिरवणाऱ्या पंतोजींना हे सांगावे लागत नसे.) केरीने 1810 साली श्रीरामपुरास मराठीचा कोश मोडी ठशांत छापला, आणि 2014 साली संगणकाच्या युनिकोड संकेतात मोडीस स्थान मिळाले. दोन्ही उपकार मोठेच. पण ठसा अक्षर देतो, हाताची चाल देत नाही.

गोमंतकीयांस, विशेषतः पेडणे-डिचोलीकरांस, हा विषय दूरचा नाही. 1781 ते 1788 या काळात हे महाल पोर्तुगेजांच्या नव्या काबिजादीत गेले. त्यापूर्वी ते वाडीच्या सावंत-भोसल्यांच्या अमलात होते आणि त्या राज्याचा लिहिण्याचा व्यवहार मोडीचा होता. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी (1894–1969) पोर्तुगेज दप्तराबरोबर मराठी कागदही हाताळले, म्हणूनच त्यांच्या इतिहासास दोन्ही बाजूंची साक्ष मिळाली. पेडण्यातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाडांचे जन्मगाव. त्यांनी अजिंठ्याचे लेख वाचले. अशा मुलखातील माणसाने आपल्याच आजोबांचे खतपत्र हाती धरून परक्याचे तोंड पाहावे, हे आम्हांस खिन्न करते. त्या कागदात जमिनीची हद्द असते, देवस्थानातला मान असतो. एक अक्षर चुकले तर हक्काचा धनी बदलतो.

हाताचा क्रम कळला की सर्व सुटेल, असा आमचा दावा नाही. मोडी ह्रस्वदीर्घाचा भेद पाळीत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचा निवाडा संदर्भानेच करावा लागतो. शिवाय शुद्ध क्रम सर्वत्र एकच असतो असेही नव्हे. काही अक्षरांच्या बाबतीत चीन आणि जपान यांचेही एकमत नाही, आणि आपल्याकडे चिटणिशी वळण वेगळे, बिवलकरी वेगळे. परंतु म्हणूनच प्रवेशपुस्तकाने कोणते वळण आपण शिकवतो ते स्पष्ट सांगावे, प्रत्येक अक्षरावर बाणाने हाताची दिशा दाखवावी, आणि पहिला धडा ‘अ’चा न देता रेघेचा द्यावा. दुसऱ्या धड्यास एखादे जुने खत घेऊन ते वाचण्याआधी गिरवायला लावावे.